पाणीटंकीच्या पुलावर अडलेला जावई: बेळगावच्या एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

दार्जिलिंग-गंगटोकची सहल आटोपत आली की शेवटच्या मोकळ्या दिवशी ‘नेपाळला पाय लावून येऊ’ हा बेत बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मंडळींत हमखास निघतो. बागडोगरा विमानतळापासून नक्षलबाडीमार्गे पाणीटंकी सुमारे 25 किलोमीटर, सिलिगुडीतून 35 च्या आसपास. पाणीटंकीपुढे मेची नदीवरचा पूल, पुलापलीकडे नेपाळच्या झापा जिल्ह्यातलं काकरभिट्टा. व्हिसा लागत नाही, पासपोर्ट असायलाच हवा असंही नाही, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. म्हणून अख्ख्या सहलीत सगळ्यात कमी तयारी या एका दिवसाची होते, आणि माणसं अडतात तीही इथेच.

आपल्याकडच्या माणसाला हद्द ओलांडायची सवय रोजची आहे. निपाणीचा माणूस दवाखान्याला कोल्हापूर गाठतो, कागलची लेक संकेश्वरला नांदते, आणि कोगनोळीचा नाका मागे पडला हे गाडीत झोपलेल्याला कळतही नाही. 2021 मध्ये कोगनोळीवर आरटी-पीसीआरचा कागद मागायला लागले तेवढाच काय तो अपवाद. हीच सवय मेचीच्या पुलावर नडते. तिथेही स्थानिक माणसं पिशव्या घेऊन, सायकलवरून, कुणी न विचारता जाताना दिसतात. आपल्यालाही कोण अडवणार, असं वाटतं.

कुटुंब आणि त्यांचे कागद

उदाहरणादाखल आठ जणांचं घर घेतलं आहे. घर कल्पित असलं तरी त्यातला एकेक कागद या भागातल्या कपाटांत सापडणारा आहे. आजोबा 72 वर्षांचे. आजी खऱ्या हिशेबाने 67 च्या, पण आधारवर 64. मुलगा 45, सून 40, तिचं माहेर कागल. नात 16, पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला. नातू 11. धाकटी मुलगी 34, आणि जावई 38. हे दोघे मूळ खानापूरचे, नोकरीमुळे बेंगळुरूला.

आठही जणांकडे आधार आहे. विमानात बसायला तेच चाललं, दार्जिलिंगच्या हॉटेलातही त्याचीच झेरॉक्स घेतली. प्रवासात चार-पाच ठिकाणी आधार दाखवून सगळी कामं झाली की दुसरं काही लागेल ही शंकाच मनात येत नाही. मतदार ओळखपत्र फक्त मुलाच्या पाकिटात आहे. सुनेचं मतदार कार्ड आहे, पण माहेरच्या नावाचं, कागलच्या पत्त्याचं, आणि ते बेळगावच्या कपाटात. मुलगी-जावयाचे पासपोर्ट बेंगळुरूच्या फ्लॅटमध्ये. सून आणि जावई यांच्याकडे वाहनचालक परवाना आहे, नातीच्या गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र.

नियम काय आहे

भारत आणि नेपाळमधली मोकळी ये-जा 1950 च्या शांतता व मैत्री करारावर उभी आहे. त्या करारामुळे व्हिसा गेला, ओळख पटवण्याची गरज गेली नाही. नेपाळला जाणाऱ्या प्रौढ भारतीयाकडे दोनपैकी एक हवं: चालू मुदतीचा पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र. यात आधार नाही.

आधार का नाही, याचं उत्तर आधारवरच छापलेलं असतं: हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. भारतात राहणाऱ्या परदेशी माणसालाही आधार मिळू शकतं. मतदार कार्ड मात्र फक्त भारतीय नागरिकाला मिळतं. पुलावरच्या जवानाला तुम्ही कोण आहात यापेक्षा तुम्ही कुठल्या देशाचे आहात हे जाणून घ्यायचं असतं. त्यातून पाणीटंकी ज्या पट्ट्यात येते तो ईशान्य भारताला बाकी देशाशी जोडणारा सिलिगुडीचा चिंचोळा भाग, सगळ्यात अरुंद जागी जेमतेम 20-22 किलोमीटर. नेपाळच्या सीमेवर 2001 पासून सशस्त्र सीमा बल तैनात आहे, आणि या पट्ट्यात ते जरा जास्तच जागं असतं.

वयाच्या दोन टोकांना सूट आहे. 15 वर्षांखालील मुलं आणि 65 वर्षांवरची माणसं यांना वय आणि ओळख दाखवणारा फोटोचा कागद पुरतो, आणि त्यांच्यासाठी आधारही चालतं. 15 ते 18 मधल्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचा किंवा प्राचार्यांचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला चालतो. तिसरी सवलत कुटुंबाची. नवरा, बायको, अज्ञान मुलं आणि आईवडील एकत्र जात असतील आणि त्यांतल्या एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांना फोटोचं दुसरं ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा यांवर जाता येतं. वाहनचालक परवाना, रेशनकार्ड, शाळा-कॉलेजचं ओळखपत्र असे कागद त्यासाठी धरले जातात.

आता आठ जणांना या चाळणीतून काढू.

मुलगा स्वतःच्या मतदार कार्डावर जातो. आजोबा 72, आधारवर जातात. नातू 11, तोही.

आजींचं काय? आपल्याकडे ‘1 जूनवाली’ पिढी मोठी आहे. शाळेत घालताना मास्तरांनी लिहिली ती जन्मतारीख, आणि शाळाच न पाहिलेल्यांच्या बाबतीत आधार काढणाऱ्याने अंदाजाने टाकलेलं साल. आजींचं आधारवरचं साल तीन वर्षांनी पुढे आहे. घरात सगळ्यांना त्या 67 च्या असल्याचं ठाऊक असलं तरी पुलावर कागदावरचंच वय मोजतात, म्हणजे 64. ज्येष्ठांची सूट त्यांना लागत नाही. पण त्या मुलाच्या आई आहेत, मुलाकडे मतदार कार्ड आहे, म्हणजे कुटुंबाच्या सवलतीत बसतात. नात्याचा पुरावा जुळवावा लागतो: आजींच्या आधारवर पती म्हणून आजोबांचं नाव, मुलाच्या मतदार कार्डावर वडील म्हणून तेच नाव. दोन्ही कागद शेजारी धरले की काम होतं.

सून त्याच सवलतीत येते. तिच्या वाहनचालक परवान्यावर पतीचं नाव आहे, हा तिच्याकडचा सर्वांत सोयीचा कागद. तिने स्वतःचं मतदार कार्ड आणलं असतं तर नातं दाखवायची गरजच नव्हती. माहेरचं नाव असलं तरी ते कार्ड तिचं आणि खरं आहे. इथे पुष्कळ बायका घोळ करतात. माहेरच्या नावाचं मतदार कार्ड आणि सासरच्या नावाचं आधार असे दोन्ही कागद एकदम पुढे करतात, आणि मग दोन नावांचा खुलासा देत उभं राहावं लागतं. एक कागद पुरत असेल तर एकच दाखवावा.

नातीकडे प्राचार्यांचा दाखला नाही, पण ती अज्ञान आहे आणि वडील सोबत आहेत. कॉलेजच्या ओळखपत्रावर वडिलांचं नाव इंग्रजीत असेल तर अडचण नाही. ती एकटी काका-मावशीबरोबर निघाली असती तर मात्र दाखल्याशिवाय मार्ग नव्हता.

राहिले मुलगी आणि जावई. मुलगी आता या घरची असूनही नियमाच्या ‘कुटुंबा’त बसत नाही, कारण त्यात विवाहित बहीण नाही आणि मेहुणा तर नाहीच. दोघांचं मिळून वेगळं कुटुंब धरलं तर त्यांच्यापैकी एकाकडे तरी पासपोर्ट किंवा मतदार कार्ड हवं होतं. ते नाही. मुलगी आजोबांच्या जोरावर जाऊ शकते का, असा मुद्दा काढता येईल. पण आजोबांना मिळते ती वयाची सूट आहे, ती लेकीला उसनी देता येत नाही. पुलावर उभं राहून असा कीस काढण्यात अर्थ नाही.

थोडक्यात, सहा जण जाऊ शकतात, दोघे नाहीत. आणि त्या दोघांतला एक जावई. दसऱ्याला बोलावून आणलेला, मानाचा. पुलाअलीकडे घरात जी कुजबुज सुरू होते ती कुठल्याही सहल कंपनीच्या कार्यक्रमपत्रिकेत नसते.

पाणीटंकीवरचा क्रम

सिलिगुडीची भाड्याची गाडी पिवळ्या पाटीची असते. वेगळ्या परवान्याशिवाय ती नेपाळात जात नाही, म्हणून चालक पाणीटंकीच्या बाजारात सोडतो. तिथून पुढे पायी किंवा टोटोने, म्हणजे तिकडच्या बॅटरी रिक्षाने. आधी सशस्त्र सीमा बलाची चौकी: ओळखपत्र, कुठे जाताय, कधी परत येणार, किती जण. बॅग उघडायला सांगू शकतात. कस्टमचं ठाणंही याच बाजूला. मग पूल. पलीकडे नेपाळचं प्रवेशद्वार, नेपाळ पोलीस, सशस्त्र प्रहरी म्हणजे त्यांचं निमलष्करी दल, आणि भन्सार, म्हणजे त्यांचं कस्टम. भारतीय पायी प्रवाशाला कुठे शिक्का घ्यावा लागत नाही, फॉर्म भरावा लागत नाही, शुल्क नाही. शिक्का मिळत नाही म्हणून हिरमुसणारेही असतात.

मेचीवरच्या नव्या पुलासाठी ऑगस्ट 2017 मध्ये दोन्ही देशांत सामंजस्य करार झाला. पूल आणि सहापदरी जोडरस्ता मिळून 1,500 मीटर, त्यातले 825 मीटर जोडरस्त्याचे. आशियाई महामार्ग 2 इथूनच नेपाळात शिरतो. चालणाऱ्याच्या दृष्टीने यातला कामाचा भाग असा की बाजारातून काकरभिट्ट्याच्या कमानीपर्यंत म्हाताऱ्या माणसाला 20 ते 25 मिनिटं धरावीत. वर सावली नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना सरळ टोटोत बसवावं. पण टोटोत बसलेल्यानेही चौकीवर उतरून ओळखपत्र दाखवायचं असतं.

पावसाळा सोडला तर मेचीत पाणी कमी आणि वाळू-गोटे जास्त. पात्रातून चालत पलीकडे जाणारी माणसं दिसतात. पर्यटकाने तिकडे फिरकू नये. ठरलेली वाट सोडून सीमा ओलांडली की तुमच्याकडे कागद असूनही संशय येतो. चौकी, जवान, बंकर यांचे फोटो काढायचे नाहीत. सेल्फीची हौस कमानीच्या पलीकडे, बाजारात भागवावी.

‘आधार चलेगा, बैठिए’

जावयाला अडवलं जाईल हे चौकीवर कळण्याआधीच पाणीटंकीच्या बाजारात कुणीतरी सांगतो: आधार चालतं, बसा टोटोत, मी नेतो. आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा चालतंही. गर्दीच्या वेळी, कुटुंब बघून, म्हातारी माणसं सोबत बघून जवान आधारवर सोडून देतात. म्हणूनच इंटरनेटवर ‘आम्ही आधारवर जाऊन आलो’ सांगणारे ढिगाने सापडतात, आणि ते खोटं बोलत नसतात.

पण जाताना सोडणारा आणि येताना अडवणारा माणूस वेगळा असतो. सकाळी नऊला ज्याने हात हलवून सोडलं त्याची ड्यूटी दुपारी संपलेली असते. संध्याकाळी परत येताना तुम्ही परदेशातून भारतात शिरत असता, आणि तेव्हा ‘भारतीय आहात कशावरून?’ हा प्रश्न जास्त कडकपणे विचारला जातो. आधारने त्याचं उत्तर मिळत नाही. मग घरून मतदार कार्डाचा फोटो मागवा, पासपोर्टचा फोटो मागवा, बेंगळुरूच्या शेजाऱ्याला फ्लॅट उघडायला लावा, असं सुरू होतं. बहुतेकदा तास-दोन तासांनी सुटका होते. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान असेल तर ते दोन तास फार लांब वाटतात. मधल्या वेळात काही बिघडलं, बंद पुकारला गेला, सीमा अचानक आवळली गेली, तर कागद नसलेला माणूस सगळ्यात शेवटी सुटतो. सप्टेंबर 2025 मध्ये काठमांडूत आंदोलन पेटलं तेव्हा पाणीटंकीवर परतणाऱ्या भारतीयांना ओळखपत्र तपासूनच आत घेत होते.

म्हणून या प्रकरणात आमचा सल्ला: सहा जणांनी जावं, मुलगी-जावयाने अलीकडे राहावं. सगळ्यांनीच बेत रद्द करावा हा दुसरा सभ्य पर्याय. तिसरा, टोटोवाल्याच्या भरवशावर आठही जणांनी जायचा, तो मोडीत काढावा. आजोबांनी ‘जावईबापू नाहीत तर आम्ही कशाला’ म्हटलं तर तेही समजण्यासारखं आहे, पण हा निर्णय पाणीटंकीच्या उन्हात उभं राहून नव्हे, आदल्या रात्री हॉटेलात घ्यावा.

मागे राहिलेल्या दोघांनी पाणीटंकीत बसून राहू नये. गाडी घेऊन सिलिगुडीला परतावं, आणि चालकाला परत यायची वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे लिहून द्यावी. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे 15 मिनिटं आहे. पलीकडचा टॉवर पकडला की मोबाइल आपोआप पुढे जातो, पुलाजवळ तो दोन्हींत हेलकावे खातो. ‘पाचला पुलावर भेटू’ म्हटलं तर कुणाचे पाच, हे आधी ठरलेलं बरं.

पलीकडे: पैसे, फोन, गाडी

भारतीय एका रुपयाला नेपाळी 1.60, हा दर 1993 पासून बांधलेला आहे. तिथे भावात ‘आयसी’ आणि ‘एनसी’ असं बोलतात. आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. टॅक्सीचा 4,000 चा भाव ठरवताना कुठले चार हजार हे पहिल्या वाक्यात विचारून घ्यावं. एनसी असतील तर ते आपले 2,500 होतात. उतरताना आयसी म्हणून मागितले तर भांडण ठरलेलं. काकरभिट्ट्यात भारतीय रुपया दुकानातही घेतात, म्हणून एका दिवसासाठी फार बदलून घ्यायची गरज नसते.

नोटा 100 च्या न्याव्या. नेपाळने डिसेंबर 2018 मध्ये 100 वरच्या भारतीय नोटा बंद केल्या. पुढे नियम सैलावले तरी 500 ची नोट बघून नाक मुरडणारा दुकानदार भेटतोच, किंवा घेतो पण दर पाडून. सहा माणसांच्या दिवसभराच्या जेवण-गाडीला पुरतील एवढ्या शंभराच्या नोटा सिलिगुडीतच करून ठेवाव्यात. पाणीटंकीच्या बाजारात सुट्ट्यांसाठी वटाव कापतात.

यूपीआय चालतं. मार्च 2024 पासून फोनपेच्या क्यूआरवर भारतीय ॲपने पैसे देता येतात. हे नेपाळचं फोनपे, आपल्याकडच्या त्याच उच्चाराच्या ॲपशी त्याचा संबंध नाही. फक्त पेच असा: बिल वाढू नये म्हणून रोमिंगचा डेटा बंद ठेवला की यूपीआयही बंद. पुलाच्या आसपास भारतीय टॉवरची रेंज काही अंतर मिळते, पुढे नाही. शिवाय सगळ्या बँका आणि सगळी ॲप परदेशी व्यवहाराला तयार नसतात. काहींत तो पर्याय आधी चालू करावा लागतो. निघण्यापूर्वी भारतात असतानाच तपासावं.

काकरभिट्टा हे बाजाराचं आणि बसतळाचं गाव. पूर्व-पश्चिम महामार्ग इथे सुरू होतो आणि हजाराहून जास्त किलोमीटर जाऊन पश्चिमेच्या महाकाली नदीला टेकतो. पाहण्यासारखं गावात फारसं नाही. एका दिवसात समाधान होईल अशी जागा म्हणजे इलामकडचे कन्यामचे चहाचे मळे: चारआलीपर्यंत सपाट रस्ता, तिथून उत्तरेला घाट. जायला दीड-दोन तास, यायला तेवढेच. आठला पूल ओलांडला तरच हे जमतं. दहानंतर पोचलात तर धुलाबारीचा बाजार बघून मागे फिरावं. दार्जिलिंगच्या मळ्यांतून नुकत्याच उतरलेल्या माणसाला पुन्हा चहाचे मळे बघायला चार तास गाडीत बसवणं कितपत शहाणपणाचं, हा प्रश्न आहेच. बारा-पंधरा वर्षांच्या मुलांना विचारून पाहावं.

गाडी स्वतःची असेल तर

बेळगावहून केए-22 ची गाडी घेऊन इथवर येणारे थोडे, पण आहेत. त्यांना भन्सारवर गाडीचा परवाना काढावा लागतो. आरसी, विमा, वाहनचालक परवाना मूळ प्रतीत. गाडी भावाच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर त्याचं अधिकारपत्र. शुल्क दिवसाच्या हिशेबाने, आणि एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त 30 दिवस. परवान्यावरची शेवटची तारीख उलटली की दंड, म्हणून एखादा दिवस जास्तीचा धरून काढावा. भारतातला गाडीचा विमा तिथे लागू आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावं.

परतताना

पिशव्यांची तपासणी या बाजूला जास्त होते. धुलाबारीत परदेशी ब्लँकेट, जॅकेट, इलेक्ट्रॉनिक वस्तू स्वस्त दिसतात. जमिनीच्या मार्गाने परतणाऱ्याने विमानतळावरच्या सवलतीचे आकडे डोक्यात ठेवून खरेदी करू नये. वापरलेल्या वैयक्तिक वस्तूंपलीकडे सीलबंद नवा माल असेल तर शुल्क लागू शकतं. एक जॅकेट अंगात घातलेलं असलं तर कुणी विचारत नाही. त्याच मापाची चार, पिशवीत टॅगसकट, म्हणजे ते व्यापारी. सुपारीचं पोतं तर हातात धरायलाही घेऊ नये. या सीमेवरून सुपारीची चोरटी वाहतूक मोठी आहे, आणि ‘दादा, एवढी पिशवी पलीकडे न्या’ म्हणणारा भेटू शकतो.

जाताना हेच उलट बाजूने. कुंद्याचा एक डबा, करदंटाचं एक पाकीट खाऊ म्हणून जातं. दहा डबे नेले तर भन्सारवर बिल मागतील. निपाणीच्या माणसाने जर्द्याच्या डब्यांची भेट नेण्याचं टाळावं. औषधांत कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि झोपेच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नेऊ नयेत, कारण याच दोन गोष्टी या सीमेवर नशेसाठी इकडून तिकडे जातात. आजोबांच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या मूळ पाकिटात ठेवाव्यात, डबीत सुट्ट्या नकोत.

अंधार पडायच्या आत पूल ओलांडून यावं. पलीकडे काही अडलं तर नेपाळचा पर्यटक पोलीस 1144, पोलीस 100.

सोबत परदेशी पासपोर्टवाला असेल तर

खानापूरला गोवा लागून आहे, आणि नात्यात एखादा पोर्तुगीज किंवा अमेरिकन पासपोर्टवाला असणं नवल नाही. त्याच्यासाठी वरचं काहीच लागू नाही. त्याने भारताच्या बाजूला इमिग्रेशनमध्ये जाऊन निघाल्याचा शिक्का घ्यायचा, पलीकडे ‘अध्यागमन’ अशी पाटी असलेल्या कार्यालयात व्हिसा काढायचा: 15 दिवसांना 30 डॉलर, 30 दिवसांना 50. वाट मोकळी असल्याने ही दोन्ही कार्यालयं न लागताही माणूस पलीकडे पोचतो, कुणी हाताला धरून नेत नाही. मग परतताना पासपोर्टवर शिक्के नाहीत म्हणून गाडं अडतं. ओसीआय कार्ड (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देतं ते) असलेल्याने ते मूळ प्रतीत सोबत ठेवावं. भारताचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असलेल्याने पुलाकडे जाऊच नये. तो पलीकडे गेला की व्हिसा संपला.

तारखांचा घोळ

महाराष्ट्रात शाळांची मोठी सुट्टी दिवाळीला, कर्नाटकात ती दसऱ्याला. त्यामुळे सीमाभागातली कुटुंबं ऑक्टोबरच्या दसरा सुट्टीत निघतात, आणि नेमका तेव्हाच नेपाळात दशैं असतो, तिकडचा वर्षातला सर्वांत मोठा सण. भारतात कामाला असलेले नेपाळी त्या दिवसांत घरी परततात, पुलावर रांगा लागतात, पलीकडे बस-जीप मिळत नाही, दुकानं आणि कार्यालयं बंद. अलीकडे सिलिगुडीत दुर्गापूजा, म्हणजे गाड्यांचे भाव चढलेले आणि रस्ते मंडपांनी अडलेले. या कुटुंबाला दुसरी सुट्टी असेल तर ती एप्रिल-मे. उन्हाळा तराईत कडक असतो, पण पूल रिकामा मिळतो.

दुसरी तारीख निवडणुकीची. मतदानाआधी सीमा बंद ठेवतात. नोव्हेंबर 2022 मधल्या नेपाळच्या निवडणुकीत ती 72 तास बंद होती. नेपाळचं आणि उत्तर बंगालचं, दोन्हीकडचं मतदान पाहूनच दिवस ठरवावा.

बेळगावातच उरकायची कामं

सगळ्यात आधी कपाटातलं मतदार कार्ड काढून नीट वाचावं. कर्नाटकच्या कार्डावर नाव कन्नड आणि इंग्रजीत असतं, आणि मराठी नाव कन्नडमार्गे इंग्रजीत येताना त्याला वळसा बसतो: सविताची सविथा, सुनीताची सुनिथा, ज्योतीची ज्योथी. ‘त’साठी ‘टीएच’ लिहायची ती कानडी पद्धत. पुलावर एवढ्यावरून कुणी अडवत नाही, पण कार्डावरचा फोटो वीस वर्षांपूर्वीचा आणि पुसट असेल तर अडवू शकतात. दुरुस्ती, पत्ता बदलणं, नवं कार्ड या सगळ्याला आता एकच नमुना 8 आहे. ऑनलाइन भरता येतो किंवा बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राच्या निवडणूक अधिकाऱ्याकडे, देता येतो. कागलहून आलेल्या सुनेचं नाव सासरच्या मतदारसंघात आणायचं तेही याच नमुन्याने. प्रवासाच्या दोन-तीन महिने आधी हात घालावा. मोबाइलमधलं ई-एपिक, म्हणजे मतदार कार्डाची डिजिटल प्रत, जवळ असू द्यावं, पण त्याच्यावर विसंबून मूळ कार्ड घरी ठेवू नये.

रेशनकार्ड नात्याचा पुरावा म्हणून नियमात आहे, पण आपलं रेशनकार्ड कन्नडमध्ये. पाणीटंकीवरचा जवान बिहारचा असेल, आसामचा असेल. त्याला ते वाचता येणार नाही, आणि न वाचता आलेला कागद पुरावा ठरत नाही. त्याऐवजी मुलांचे जन्मदाखले न्यावेत; त्यांवर कन्नडसोबत इंग्रजीही असते.

नातीच्या दाखल्यासाठी पीयू कॉलेजात सुट्टी लागायच्या आधीच्या आठवड्यात जावं. लेटरहेडवर, इंग्रजीत, फोटो चिकटवून त्यावर शिक्का आडवा मारलेला, जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं असलेला. मराठी माध्यमाच्या शाळेतल्या मुलांसाठीही दाखला इंग्रजीतच मागावा. वडील सोबत असले तरी हा कागद काढून ठेवावा, कारण ऐनवेळी वडिलांचं पोट बिघडून ते हॉटेलात राहिले तर नात एकटी पडते, आणि तिच्याबरोबर आजी आणि सूनही. तिघींचं जाणं मुलाच्या एका मतदार कार्डावर टेकलेलं आहे. सुनेने आपलं कागलचं कार्ड पर्समध्ये टाकलं तर निदान नात आणि ती स्वतः तरी सुटतात. आजींसाठी त्यांचं स्वतःचं मतदार कार्ड शोधावं.

जावयाला निमंत्रणाचा फोन करताना पासपोर्ट घेऊन या म्हणून सांगावं. लेकीला वेगळं सांगावं.